भाकरीचं विशेषण



स्मृतिव्याख्यान म्हटलं की विषय ऐसपैस हवा, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज एकच शब्द घेऊन आपल्यासमोर उभा आहे. शब्द ग्रीक आहे, विशेषण आहे. गेली जवळजवळ दोन हजार वर्षं असंख्य माणसांनी तो आपापल्या भाषेत रोज उच्चारला, बहुतेकांनी लहानपणी पाठ केला. आणि तरीही त्याचा नेमका अर्थ काय, यावर जाणकारांचं अजून एकमत झालेलं नाही. शब्द आहे ‘एपिऊसिओस’.

तो कुठे येतो? येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात. ही प्रार्थना नव्या करारात दोनदा आली आहे: मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या अध्यायात. मत्तयाच्या पाठात आधी देवाच्या नावाविषयी, मग त्याच्या राज्याविषयी, मग त्याच्या इच्छेविषयी मागणं आहे. आणि तिथून प्रार्थना थेट माणसाच्या पोटाकडे वळते. भाकर मागते. भाकरीसाठी ग्रीक शब्द आहे ‘आर्तोस’, अगदी रोजच्या वापरातला. त्याच्या मागे ‘आमची’ हे सर्वनाम आहे. आणि त्या भाकरीला एक विशेषण लावलं आहे, एपिऊसिओस. कसली भाकर? आपण मराठीत म्हणतो, ‘रोजची’. पण ग्रीकमध्ये तसं म्हटलं आहे का?

हा प्रश्न मी आज काढलेला नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, साधारण २३३-३४ च्या सुमारास, ओरिजेन नावाच्या थोर विद्वानाने प्रार्थनेवर एक ग्रंथ लिहिला. ओरिजेन अलेक्झांड्रियात वाढलेला. ग्रीक ही त्याची भाषा, ग्रीक तत्त्वज्ञान त्याच्या हाताखालचं. या शब्दापाशी येऊन तो थांबतो आणि मोकळेपणाने सांगतो की हा शब्द ग्रीकांपैकी कोणा पंडिताने वापरलेला नाही, सामान्य लोकांच्या बोलण्यातही तो नाही. शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. लक्षात घ्या, हे अठराशे वर्षांनंतरचा परकीय अभ्यासक म्हणत नाही. ज्याच्या कानावर ती भाषा दिवसभर पडत होती, असा माणूस म्हणतो आहे.

मग मनात येतं, ‘रोजची’ म्हणायला ग्रीकमध्ये शब्द नव्हता का? होता. एक नव्हे, निदान दोन तर नव्या करारातच आहेत. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधल्या विधवांना होणाऱ्या रोजच्या अन्नवाटपाची हकिगत आहे. तिथे ‘काथेमेरिनोस’ हा शब्द आहे, रोजचा. याकोबाच्या पत्रात उघड्या अंगाच्या, दिवसाचं अन्न नसलेल्या भावाबहिणीचा उल्लेख येतो; तिथे ‘एफेमेरोस’ आहे, त्या दिवसापुरतं. शब्द हाताशी होते, ते वापरले नाहीत. आणि लूकचा पाठ पाहिला तर गुंता आणखी वाढतो. मत्तय म्हणतो ‘आज’ दे. लूक म्हणतो ‘दररोज’ देत जा. त्यासाठी त्याने ‘काथ हेमेरान’ असा स्वतंत्र शब्दप्रयोग केला आहे. आता एपिऊसिओसचा अर्थ ‘रोजची’ इतकाच असेल, तर लूकच्या वाक्याचा अर्थ ‘रोजची भाकर रोज दे’ असा होतो. लूकसारखा शैलीदार लेखक एका ओळीत तीच गोष्ट दोनदा का सांगेल?

आता थोडं वाळवंटात जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इजिप्तच्या वाळूतून पपायरसचे तुकडे निघू लागले. कर भरल्याच्या पावत्या, मजुरीचे हिशेब, आईला लिहिलेली पत्रं, कर्जरोखे. ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज अभ्यासकांनी १८९६-९७ पासून खणायला सुरुवात केली आणि कागदांचे ढीग काढले. तोवर नव्या करारातल्या अनेक शब्दांविषयी अशी समजूत होती की हे खास धर्मग्रंथी ग्रीक आहे. आडॉल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं की तेच शब्द बाजारातल्या पावतीत आहेत, सैनिकाच्या पत्रात आहेत. नवा करार रस्त्यावरच्या माणसाच्या भाषेत लिहिला गेला आहे, ही गोष्ट या उकिरड्याने शिकवली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. धर्मग्रंथाची प्रतिष्ठा त्यामुळे कमी झाली नाही. तो कोणासाठी लिहिला होता ते कळलं.

साहजिकच सगळ्यांना वाटलं, आता एपिऊसिओसही कुठेतरी सापडेल. आणि तो सापडल्यासारखं झालंही. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पीट्री यांना फायूम भागातल्या हवारा इथे पपायरस मिळाले होते. १८८९ मध्ये त्यांचं वाचन छापलं गेलं. वाचणारे होते ए. एच. सेस. त्यातल्या एका तुकड्यावर घरखर्चाची यादी होती. यादीत एका ओळीवर, रकमेच्या शेजारी, सेस यांनी अक्षरं वाचली: ‘एपिऊसि...’. पुढचं तुटलेलं. पुढे फ्रीडरिख प्राइसिगके यांनी हा मजकूर आपल्या संग्रहात घेतला आणि त्या शब्दाचा संबंध दिवसाच्या शिध्याशी जोडला गेला. पुरावा मिळाला! प्रार्थनेतला शब्द खर्चाच्या यादीत! कोशांत तो गेला, टीकाग्रंथांत गेला, कित्येक प्रवचनांत गेला.

मग तो पपायरस हरवला. मूळ कागद कुठे आहे हे कोणालाच सांगता येईना. १९५७ मध्ये ब्रूस मेट्झगर यांनी मुद्दाम हाच प्रश्न घेऊन लेख लिहिला: या प्रार्थनेबाहेर हा शब्द मुळात येतो तरी किती वेळा? उत्तर त्या एका हरवलेल्या यादीवर येऊन अडत होतं. अखेर १९९८ मध्ये तो कागद अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या बायनेके ग्रंथालयात ओळखला गेला. नाइमन आणि वॉर्प या अभ्यासकांनी तो पुन्हा वाचला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापला. त्या ओळीवर एपिऊसिओस नव्हता. तिथे होतं ‘एलाइऊ’. म्हणजे तेलाचे.

घरखर्चाच्या यादीत तेल असणारच. शंभर वर्षांहून अधिक काळ जो शब्द आपण रोजच्या शिध्याचा पुरावा म्हणून मिरवला, तो तेलाचा खर्च होता. तर आज परिस्थिती अशी की हा शब्द आपल्याला भेटतो तो मत्तयाच्या प्रार्थनेत, लूकच्या प्रार्थनेत, ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत, जिथे हीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे, आणि पुढे ज्यांनी ज्यांनी या प्रार्थनेवर लिहिलं त्यांच्याकडे. त्याआधी कुठेही नाही. ओरिजेन बरोबर होता.

मग अर्थ लावायचा कसा? शब्द फोडून. मराठी माणसाला संधी सोडवायची सवय असते, म्हणून हा भाग मी जरा सविस्तर सांगतो.

‘एपि’ हा उपसर्ग आहे. त्याच्यापुढे काय आहे, यावर सगळा वाद. ओरिजेनने म्हटलं, पुढे ‘ऊसिया’ आहे, म्हणजे सत्त्व, अस्तित्व. तेव्हा ही सत्त्वाला पोसणारी भाकर, आत्म्याची भाकर. आधाराला त्याने बायबलच्या ग्रीक भाषांतरातला ‘पेरिऊसिओस’ हा शब्द घेतला. देवाने खास आपलीशी केलेली प्रजा, अशा अर्थाने तो निर्गमच्या एकोणिसाव्या अध्यायात येतो. दुसरा पक्ष म्हणतो, पुढे ‘ऊसा’ आहे, म्हणजे असलेली, चालू. म्हणून चालू दिवसापुरती भाकर. तिसरा पक्ष म्हणतो, पुढे ‘इऊसा’ आहे, ‘येणारी’; म्हणून येणाऱ्या दिवसाची भाकर.

आता संधी पाहा. ‘इति’ आणि ‘आदि’ जवळ आले की ‘इति’मधला इ तसाच राहत नाही, ‘इत्यादि’ होतं. ग्रीकमध्येही ‘एपि’पुढे स्वर आला की त्याचा शेवटचा इ बहुधा गळतो. ‘एपि’ आणि ‘ऊसिया’ मिळून ‘एपूसिओस’ व्हायला हवं होतं. मग मधला इ आला कुठून? ‘पेरिऊसिओस’चं उदाहरण इथे चालत नाही, कारण ‘पेरि’ हा उपसर्ग आपला इ सोडतच नाही. हीच अडचण दुसऱ्या पक्षालाही येते. तिसऱ्याला मात्र येत नाही, कारण ‘इऊसा’ या शब्दाचा स्वतःचाच इ आहे. नियमाला अपवाद आहेत हे मान्य. इ टिकलेले काही शब्द ग्रीकमध्ये आहेत. पण जिथे नियमाने शब्द सरळ सुटतो तिथे अपवादाचा आश्रय कशाला घ्यायचा?

शिवाय ‘एपिऊसा’ हा शब्द काही कल्पनेतला नाही. तो भरपूर वापरलेला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौल आणि त्याचे सोबती त्रोवसहून जहाजाने निघतात, सरळ समथ्राकेला पोचतात आणि ‘एपिऊसा’ला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, नियापुलीला उतरतात. बोलीभाषेत ‘दिवस’ हा शब्द गाळून नुसतं ‘येणाऱ्याला’ म्हटलं तरी कळत होतं.

आणि इथे एक बारकावा आहे, जो मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत सुंदर वाटतो. प्लेटोच्या ‘क्रीटो’ या संवादात सॉक्रेटिस तुरुंगात आहे. पहाट व्हायची आहे, अंधार आहे. देलोसहून एक जहाज यायचं आहे आणि ते आलं की दुसऱ्या दिवशी सॉक्रेटिसला विष दिलं जाणार आहे. क्रीटो सांगतो, जहाज आजच येईल. सॉक्रेटिस म्हणतो, मला नाही वाटत ते या येणाऱ्या दिवशी येईल. त्याच्या पुढच्या दिवशी येईल. ‘येणारा दिवस’ यासाठी तो ‘एपिऊसा’च म्हणतो. पण तो बोलतो आहे पहाटेपूर्वी. म्हणजे येणारा दिवस हा उद्या नव्हे. आता उजाडेल तोच.

पाहा, शब्द एकच. रात्री झोपताना म्हटला तर उद्या. पहाटे उठून म्हटला तर आज. प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणणाऱ्या माणसांसाठी याहून अचूक विशेषण कोणतं असेल? सकाळी म्हणा, आजच्या जेवणाचं मागणं. रात्री म्हणा, उजाडल्यावरच्या जेवणाचं. एकोणिसाव्या शतकात लाइटफूट या इंग्रज विद्वानाने याच बाजूने तपशीलवार मांडणी केली होती, आणि माझं मत त्याच्याशी जुळतं. एपिऊसिओस म्हणजे येणाऱ्या दिवसाची.

पण मतभेद इथे संपले नाहीत, आणि त्यांचा इतिहास सांगण्यासारखा आहे. चौथ्या शतकात पोप दमासस यांच्या सांगण्यावरून जेरोमने लॅटिन शुभवर्तमानं सुधारायला घेतली. लूकच्या पाठात त्याने जुना शब्द ठेवला, ‘क्वोतिदियानुस’, रोजची. मत्तयाच्या पाठात त्याच ग्रीक शब्दासाठी त्याने नवा लॅटिन शब्द वापरला: ‘सुपरसुब्स्तान्तियालिस’, सत्त्वापलीकडची. एकच माणूस, एकच मूळ शब्द, दोन भाषांतरं! पुढे मत्तयावर भाष्य करताना जेरोमने आणखी एक नोंद केली. इब्री ख्रिस्ती लोकांच्या एका शुभवर्तमानात, जे आज उपलब्ध नाही, या जागी ‘माखार’ असा शब्द होता, म्हणजे उद्याची. ही नोंद माझ्या मते दोन्ही भाषांतरांहून मोलाची आहे. येशू अरामी बोलत होता. त्याच्या तोंडचा मूळ शब्द आपल्याकडे नाही. त्याच्या जवळ जाणारा हा एक धागा आहे.

लोक मात्र प्रार्थनेत ‘क्वोतिदियानुस’च म्हणत राहिले. बाराव्या शतकात तत्त्वज्ञ पीटर आबेलारने एलोईझच्या मठात मत्तयाप्रमाणे ‘सुपरसुब्स्तान्तियालिस’ म्हणण्याची पद्धत घातली. क्लेअरव्होचा बर्नार्ड तिथे गेला असता त्याला ते खटकलं, आणि आबेलारने त्याला सविस्तर पत्र लिहून आपली बाजू मांडली. एका विशेषणावरून दोन दिग्गजांचा पत्रव्यवहार! इतर भाषांनीही आपापली वाट काढली. सीरियातल्या पेशित्ता भाषांतराने म्हटलं, आमच्या गरजेची भाकर. इजिप्तच्या कॉप्टिक भाषांतरांनी येणारी, उद्याची असा अर्थ धरला. चर्च स्लाव्हॉनिकने ग्रीक शब्दाचे तुकडे तसेच उचलून नवा शब्द पाडला; तोच आज रशियनमध्ये ‘नासूश्नी’ म्हणून रुळला आहे आणि ‘जगण्याला अत्यावश्यक’ अशा अर्थाने रोजच्या बोलण्यात येतो.

आता अर्थाकडे वळतो. कारण संधी सुटली म्हणून भाकर पानात पडत नाही.

ही प्रार्थना ज्यांनी पहिल्यांदा ऐकली ते कोण होते? गालीलातले मासेमार, कुळं, रोजंदारीवर जाणारे. हातावर पोट असलेली माणसं. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला आहे. मजूर बाजारात उभे आहेत, काही जण दिवस मावळायला एक तास उरेपर्यंत उभेच आहेत, कारण त्यांना कोणी कामावर घेतलेलं नाही. दिवसाची मजुरी एक दिनार, आणि ती संध्याकाळीच हातावर पडते. ती त्याच संध्याकाळी द्या, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडकच आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात कारणही दिलं आहे: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला आहे. अशा घरात आजची मजुरी म्हणजे उद्याची भाकर. संध्याकाळी पैसे आले नाहीत तर सकाळी चूल पेटत नाही. येणाऱ्या दिवसाची भाकर आज दे, हे मागणं त्या घरातून निघालेलं आहे. त्यासाठी तत्त्वज्ञानातलं ‘ऊसिया’ शोधत जायची गरज नाही.

आणि मागे आहे मान्नाची कथा. निर्गमचा सोळावा अध्याय. रानात भुकेल्या लोकांना आकाशातून अन्न मिळतं. अट अशी की रोज त्या दिवसापुरतंच गोळा करायचं, माणशी एक ओमेर. ज्याने जास्त गोळा केलं त्याला जास्त उरलं नाही, ज्याने कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. साठवलं त्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी? सहाव्या दिवशी दुप्पट मिळालं, आणि ते नासलं नाही. का? कारण सातवा दिवस शब्बाथ, विश्रांतीचा. उद्याचं अन्न आज मिळालं, म्हणून उद्या कोणाला वणवण करावी लागली नाही.

मित्रहो, इथे मला या शब्दाची चावी दिसते. मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात पुढे येशू सांगतो की उद्याची चिंता करू नका. अनेकांना यात विरोध वाटतो. उद्याची चिंता नको आणि भाकर मात्र उद्याची मागायची? मला यात विरोध दिसत नाही. उद्याची चिंता कोणाला सुटते? ज्याच्या घरात उद्याचं पीठ आहे त्याला. उपाशी माणसाला निश्चिंत राहायला सांगणं क्रूरपणाचं आहे, आणि येशू ते करत नाही. आधी तो भाकर मागायला शिकवतो, मग चिंता सोडायला सांगतो. अध्यायातला क्रम तोच आहे. योआखिम येरेमियास यांच्यासारख्या अभ्यासकांनी या ‘उद्या’मध्ये देवाच्या राज्याचा महान उद्या पाहिला. तोही अर्थ मला मोठा वाटतो. पण पिठाचा अर्थ वगळून तो घेता येत नाही.

आणखी एक शब्द विसरू नका: ‘आमची’. या प्रार्थनेत ‘माझी भाकर’ असं कुठेही नाही. माझ्या घरात दोन महिन्यांचं धान्य असेल आणि शेजारी पीठ नसेल, तर ‘आमची’ भाकर अजून आलेली नाही. माणशी एक ओमेर हा हिशेब या सर्वनामात आहे.

आता आपल्या भाषेकडे येतो. मराठी नवा करार सेरामपूरला विल्यम केरी यांच्या पुढाकाराने १८११ मध्ये छापला गेला. तेव्हापासून मराठी भाषांतरकारांच्या कित्येक पिढ्यांनी या ओळीशी झुंज घेतली. त्यांनी ‘आर्तोस’साठी ‘भाकर’ निवडली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. योहानाच्या सहाव्या अध्यायात एका मुलाकडे ज्या पाच भाकरी निघतात त्या जवाच्या आहेत, गरिबाचं अन्न. ‘भाकर’ हा शब्द बरोबर त्याच घरात जाऊन पोचतो.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. संपूर्ण बायबल त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं. त्यासाठी त्या या भाषा शिकल्या. सामान्य बायकांना वाचता येईल अशी साधी मराठी हवी, हा त्यांचा हट्ट होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम तिथल्या स्त्रियांनी केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याच मिशनने १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून शेकडो मुलींना वाचवून आणलं होतं. अन्नान्न करत आलेल्या मुलींच्या घरात या ओळीचे खिळे जुळवले गेले. उद्या जेवायला मिळेल की नाही, हा प्रश्न त्या घराला कोशातून समजावून सांगावा लागला नसेल.

‘रोजची भाकर’ हे भाषांतर काढून टाका, असं मी म्हणणार नाही. पाठ झालेली प्रार्थना बदलायची नसते, आणि ‘रोजची’मध्ये लूकचा अर्थ बऱ्यापैकी आला आहे. माझी मागणी लहान आहे. इथे मराठी बायबलच्या कामाशी संबंधित मंडळी असतील, प्रकाशक असतील, धर्मगुरू असतील. ज्या आवृत्तीत या ओळीखाली टीप नाही, तिच्या पुढच्या छपाईत एक टीप घाला. त्यात एवढंच छापा: मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘येणाऱ्या दिवसाची’ असाही होतो. वाचकाला तो शब्द द्या. त्याचं काय करायचं ते मराठी वाचक ठरवेल.